नाही म्हणण्याचा तास

ॲडेलिन तुस्कानोनं कॅनडा कधी पाहिला नव्हता, आणि तरीही आठवड्यातले पाच दिवस ती लोकांना कॅनडात कसं राहायचं ते शिकवत असे. तिनं बर्फ पाहिला होता तो हॉटेलच्या आइस मशीनमधला. दारासमोरचं हिम फावड्यानं ओढणं किती जिवावर येतं, हे तिला ब्रॅम्प्टनच्या मावसबहिणीमुळे ठाऊक होतं. ती बहीण नोव्हेंबर ते एप्रिल दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलतच नाही. बाकीचं सगळं संस्थेनं दिलेल्या स्लाइड्समध्ये होतं. तिचा नवरा जेरार्ड एका शिपिंग कंपनीत हिशेब बघतो, आणि बायकोची थट्टा हा त्याचा जोडधंदा. तो म्हणायचा, "आमची बाई पोहायला शिकवते, पण पाण्याशी तिचा संबंध फक्त बादलीपुरता." ॲडेलिन म्हणायची, "शिकवणारीला पोहता आलं पाहिजे असं कुठं लिहिलंय? शिकणाऱ्याला आलं म्हणजे झालं."

अबू धाबी शहराबाहेरच्या एका वसाहतीत तिचा वर्ग भरायचा. काबूल पडल्यावर विमानं भरभरून जी कुटुंबं इकडं आली, त्यांतली बरीच पुढच्या देशाच्या बोलावण्याची वाट बघत तिथं राहत होती. डोक्यावर छप्पर होतं, तीन वेळचं जेवण होतं, मुलांना शाळा होती. तारीख तेवढी नव्हती. ज्यांना कॅनडानं घ्यायचं ठरवलं, त्यांना जाण्याआधी थोडे दिवस ॲडेलिनच्या हाताखालून जावं लागे. दुबईच्या करामा भागातल्या घरातून ती उजाडताच निघायची, संस्थेच्या गाडीत झोप पुरी करायची आणि वर्गात शिरताना अशी ताजीतवानी दिसायची, की जणू शेजारच्याच इमारतीतून आली आहे.

ही कला हॉटेलातली. वसईच्या नंदाखालहून ती तेविसाव्या वर्षी दुबईत आली ती शेख झायेद रोडवरच्या एका पंचतारांकित हॉटेलात खोल्या आवरायला. खोल्या आवरता आवरता ती नव्या पोरींना खोल्या कशा आवरायच्या ते सांगू लागली, आणि शेवटी हॉटेलनं तिला तेच काम दिलं. नेपाळच्या, फिलिपिन्सच्या, केनियाच्या कितीतरी मुली तिच्या हाताखाली चादरीचा कोपरा दुमडायला शिकल्या. मग कोविड आला, मजलेच्या मजले बंद झाले आणि एका दुपारी तिलाही 'खलास' सांगण्यात आलं. घरी बसून तिनं जेरार्डच्या शर्टांना इतक्या वेळा इस्त्री केली, की तो ऑफिसला जायला घाबरू लागला. तेवढ्यात या संस्थेला हिंदी येणारी, इंग्रजी येणारी आणि मोठ्या माणसांना न दुखवता शिकवू शकणारी बाई हवी होती. ॲडेलिनला दुखवणं सोडून सगळं येत होतं.

पहिल्या दिवशी वर्गातला एसी ती सोळावर आणायची आणि दार लावून घ्यायची. सगळे शाली गुंडाळून बसले की म्हणायची, "ये कॅनडा का समर है." मग चुलीजवळचा धुराचा अलार्म, कचऱ्याचे वेगवेगळे डबे, बसमध्ये रांग. एकदा तिनं अलार्मचं बटण न सांगता दाबलं आणि क्षणात अर्धा वर्ग टेबलांखाली गेला. मोठी माणसंसुद्धा. त्यानंतर तिनं ते बटण आधी सांगितल्याशिवाय कधी दाबलं नाही.

शेजाऱ्याकडे जायचं तर आधी फोन करून विचारायचं, हा धडा मात्र कुणाच्या गळी उतरत नसे. एका पिकल्या दाढीच्या आजोबांनी विचारलं, "आणि तो नको म्हणाला तर?" ॲडेलिन म्हणाली, "तर जायचं नाही." मग आजोबा कॅनडाच्या लोकांबद्दल अगदी मनापासून म्हणाले, "बिचारे."

एक धडा मात्र स्लाइड्समध्ये नव्हता. तो ॲडेलिननं स्वतःच्या पदरचा घातला होता: अधिकाऱ्यासमोर कसं बसायचं, कसं बोलायचं. पाठ ताठ, हात पोटापाशी एकावर एक, आधी हसायचं, मग ऐकायचं. आणि 'नो' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. समोरचा काहीही विचारो, "सर्टनली. नो प्रॉब्लेम. माय प्लेझर." हॉटेलात पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, आणि ॲडेलिनच्या मते जगात काम देणारा, व्हिसा देणारा, सही करणारा प्रत्येक जण पाहुणाच होता. हा धडा वर्गाला फार आवडायचा. त्या लोकांच्यात दारी आलेल्याला नाही म्हणणं मुळातच बसत नाही. ॲडेलिननं त्या स्वभावाला फक्त इंग्रजी इस्त्री करून दिली.

या धड्यात सगळ्यात हुशार निघाली सुरैय्या. चाळिशीची, अंगानं बारीक, डाव्या भुवईत जुनी खोक. लहानपणी पेशावरला निर्वासित म्हणून वाढल्यामुळे तिला उर्दू येत होती, त्यामुळे ॲडेलिनची हिंदी आणि तिची उर्दू यांचं छान जमलं. नवरा लढाईत गेला, मूलबाळ नाही. ती राहायची धाकट्या दिराकडे. दीर उझैर, जाऊ अजरा आणि त्यांची सात वर्षांची यम्ना. यम्नाच्या जन्मानंतर अजरा बरेच महिने अंथरुणाला खिळून होती, तेव्हापासून पोर सुरैय्याच्याच अंगाखांद्यावर वाढली. दोन्ही जावा वर्गात एकाच बाकावर बसायच्या, एकाच पेल्यातून पाणी प्यायच्या. ॲडेलिननं हे घरी सांगितलं तेव्हा जेरार्ड म्हणाला, "आपल्याकडे दोन जावा हसत विहिरीवर गेल्या, तर लोक पाणी भरायचं विसरून बघत राहतील."

प्रस्थानाची बातमी आली त्या दिवशी सुरैय्या वर्ग सुटल्यावर मागे थांबली. हातात बदामांची पुडी होती, मॅडमजानसाठी. आभार मानून झाले आणि मग तिनं अगदी सहज विचारलं, "मॅडमजान, रेजायनाहून हॅलिफॅक्सला बसनं किती वेळ लागतो?"

"का गं?"

"मला रेजायना दिलंय आणि त्यांना हॅलिफॅक्स. मी शुक्रवारी काम सुटलं की निघेन, रविवारी परत. यम्नाच्या केसांना तेल मीच लावते. अजरा लावते तेव्हा गुंता होतो."

ॲडेलिन भिंतीवरच्या नकाशाकडे वळली. रेजायना मधोमध होतं, हॅलिफॅक्स पार उजवीकडच्या समुद्राला टेकलेलं. तिनं एका शहरावर अंगठा ठेवला आणि हात ताणला, पण करंगळी दुसऱ्यापर्यंत पोचेना. सुरैय्यानंही शेजारी आपला हात लावून पाहिला. तिचा हात तर आणखीच लहान होता.

"विमानानंसुद्धा अख्खा दिवस जाईल, सुरैय्या. मध्ये उतरून दुसरं विमान पकडावं लागतं. बसचं नावच काढू नकोस."

सुरैय्याच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. बोट तेवढं नकाशावरच राहिलं.

"तुला हे आधी कुणी विचारलं नाही का?"

"विचारलं ना. ती बाई फार चांगली होती. म्हणाली, तुम्हाला वेगळ्या शहरात ठेवलं तर चालेल का?"

"मग तू काय म्हणालीस?"

सुरैय्या ताठ उभी राहिली. हात पोटापाशी एकावर एक घेतले, आधी हसली, आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "सर्टनली. नो प्रॉब्लेम. माय प्लेझर." उच्चारात कुठं खोट नव्हती. ॲडेलिननंच तो घटवून घेतला होता.

ॲडेलिननं विचारलं, "मनातून तुला चाललं का पण?"

"मॅडमजान, तुम्हीच सांगितलंत, नाही म्हणायचं नाही. आणि मी नाही म्हटलं असतं तर त्यांचंही अडलं असतं. उझैरभाईंना तिकडं काम मिळेल, यम्ना मोठ्या शाळेत जाईल. एका विधवेपायी तिघांनी का रखडायचं?" ती बोलता बोलता पुडी उघडून बदाम ॲडेलिनपुढे करत होती. "घ्या ना. तुम्ही घेतलेच नाहीत."

त्या संध्याकाळी करामातल्या घरी जेरार्डनं बोंबील तळले होते, आणि ॲडेलिननं ताटाला हात लावला नाही. सगळं सांगून झाल्यावर जेरार्डनं थट्टा केली नाही, त्यावरून तिला प्रकरण किती वाईट आहे ते कळलं. समोर त्यांची मुलगी बेव्हर्ली बसली होती. बँकेत नोकरी करते, मराठी सगळी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते.

बेव्हर्लीची एक गोष्ट त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. ती सहा महिन्यांची असताना हॉटेलच्या मॅनेजरनं ॲडेलिनला बोलावून विचारलं होतं, की तुला बढती देतोय, पण स्टाफच्या बिल्डिंगमध्ये राहावं लागेल, बाळाला इंडियात पाठवशील ना? ॲडेलिन हसली होती आणि "नो प्रॉब्लेम, सर" म्हणाली होती. बाळ नंदाखालला जेरार्डच्या आईकडे गेलं. पाचव्या वर्षी परत आणलं तेव्हा विमानतळावर त्या पोरीनं ॲडेलिनला "हॅलो, आंटी" म्हटलं. त्या काळात आखातात असं घरोघरी चालायचं, त्यामुळे कुणी कुणाला दोष दिला नाही. हॉटेलनं तर त्याच वर्षी तिचा फोटो कॉरिडॉरमध्ये लावला होता.

"मी तिला काय शिकवून बसले बघ," ॲडेलिन म्हणाली. "मला जे येत होतं तेच शिकवलं."

बेव्हर्लीनं बोंबलाचा काटा काढत शांतपणे म्हटलं, "यू नेव्हर सेड नो टू एनीवन, मम्मा. ओन्ली टू मी."

जेरार्डला हसू आवरेना, कारण ते शंभर टक्के खरं होतं. ॲडेलिनही हसली. मग हसता हसताच रडायला लागली, आणि इतकी रडली की बेव्हर्लीनं उठून तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

सकाळी ती तडक अँड्र्यूकडे गेली. अँड्र्यू संस्थेचा तिथला प्रमुख, मूळचा बांद्र्याचा, स्वभावानं भला आणि कामानं पिचलेला.

"ॲडेलिन आंटी, प्लेसमेंट फायनल झालीय. फ्लाइट बुक आहे. आता कशाला मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड मारताय?"

"चूक माझी आहे, अँड्र्यू. ती नाही म्हणणार होती. मी तिला हो म्हणायला शिकवलं."

"बट शी सेड येस. ऑन रेकॉर्ड."

"तशी मीही आयुष्यभर येस म्हणत आलेय. त्यातलं खरं किती होतं, मला विचार."

अँड्र्यूनं चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा, बदल होऊ शकतो, पण तो तुम्ही मागून नाही. तिनं स्वतः अधिकाऱ्यासमोर सांगितलं पाहिजे. गुरुवारी मॅडम येतायत, मी पाच मिनिटं मागतो. तुम्ही सोबत बसू शकता, पण तोंड उघडायचं नाही. आणि एक सांगतो. केस परत उघडली, की या फ्लाइटच्या सीट गेल्या. तिच्याच नाही, सगळ्या फॅमिलीच्या. पुढची कधी, गॉड नोज."

म्हणजे सुरैय्याला ज्याची भीती होती तेच होणार होतं. ॲडेलिन थेट त्यांच्या खोलीवर गेली. जमिनीवर दस्तरख्वान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरलेलं होतं आणि चौघं चहा घेत होती. दोन बॅगा भरून भिंतीशी ठेवल्या होत्या, एक लहान बॅग वेगळी, दाराशी. ॲडेलिनला लोडाशी बसवलं, चहा आला, मनुका आल्या, सुकी तुती आली. मग तिनं उझैरला सरळच विचारलं, "भाईसाहब, भाभीला वेगळं पाठवायला तुम्ही का तयार झालात?"

उझैर भला थोरला गडी, पण मान वर करेना. अधिकाऱ्यानं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, की भाभीची मर्जी असेल तसं. त्याला वाटलं, सुरैय्यानंच वेगळं मागितलं असणार. आपल्या घराला कंटाळली असेल, सुटका हवी असेल. भावाच्या विधवेला असं तोंडावर कसं विचारायचं? तिनं लाजेखातर राहते म्हटलं असतं तर तो जुलूम झाला असता.

अजरानं हातातलं तबक धाडकन खाली ठेवलं. मनुका सगळ्या घरभर झाल्या. ती जावेकडे वळून त्यांच्या दरी भाषेत जे बोलली त्यातला शब्दही ॲडेलिनला समजला नाही, पण ते भांडण होतं, अस्सल, दोन जावांचं, कधीपासून तुंबलेलं. सुरैय्या सुरुवातीला हसत होती. मग अजरानं तिचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. यम्ना मनुका वेचता वेचता ॲडेलिनला हिंदीत म्हणाली, "अम्मी म्हणते, तू स्वतःला वाटून टाकलंस, आम्हाला विचारलं का?"

भांडण सरलं तेव्हा उझैरनं एवढंच म्हटलं, की फ्लाइट गेली तर गेली. पण अधिकाऱ्याला सांगायचं होतं सुरैय्यानं. आणि तिला ते जमेल यावर खोलीत कुणाचाच विश्वास बसेना, तिचा स्वतःचा तर मुळीच नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी ॲडेलिननं स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि वर्गाला सांगितलं, "आज आपण 'नो' शिकणार आहोत. मागं मी शिकवलं ते चुकीचं होतं." वर्गात कुजबुज झाली. एवढ्या मोठ्या बाईनं सर्वांसमोर चूक कबूल करावी, याचंच त्यांना अवघड वाटलं. आजोबा तर घाईनं म्हणाले, "नाही, नाही, तुमचं बरोबरच होतं."

"शाबास," ॲडेलिन म्हणाली. "पहिला 'नो' आजोबांचा. पण चुकीच्या जागी."

ती थर्मास घेऊन बाकाबाकापाशी गेली. चहा घेणार? उत्तर फक्त "नो, थँक यू". कुणालाच जमेना. एक बाई म्हणाली, तुमच्या हातांना आराम मिळो, आणि पेला पुढे केला. एकानं "नो" म्हटलं आणि इतका ओशाळला, की मधल्या सुट्टीत घरून पुलावाचं ताट घेऊन आला. मग एका टारगट पोरीनं डाव उलटवला. "मॅडमजान, शुक्रवारी आमच्याकडे जेवायला या ना." ॲडेलिन म्हणाली, "हां हां, जरूर." दुसरीनं विचारलं, त्याच शुक्रवारी आमच्याकडे? "हो, का नाही?" तिसरीलाही तिनं होकार दिला तेव्हा अख्खा वर्ग हसून लोळायला लागला. ॲडेलिनही पदरात तोंड लपवावं तशी ओढणी तोंडावर घेऊन हसत सुटली.

सुरैय्या तेवढी हसत नव्हती. ॲडेलिन अधिकारी होऊन तिच्यासमोर बसली आणि विचारलं, "आर यू कम्फर्टेबल गोइंग अलोन?" सुरैय्यानं ओठ उघडले. आवाज आला तो "माय" एवढाच. मग तिनं ओठ मिटून घेतले. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. चार वेळा झाल्यावर ॲडेलिननं तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "राहू दे. मीही पन्नाशी ओलांडली, मला कुठं आलंय अजून?"

गुरुवारी अधिकारी बाई आली. पिंगट केस, मऊ आवाज, समोर पाण्याची बाटली. ॲडेलिन कोपऱ्यातल्या खुर्चीत तोंडाला कुलूप लावून बसली. सुरैय्या आली ती शिकवल्याबरहुकूम: पाठ ताठ, हात एकावर एक, चेहऱ्यावर हसू. ॲडेलिनला उठून ओरडावंसं वाटलं, की बाई, हे माझं हसू आहे, टाकून दे ते.

दुभाषाकरवी प्रश्न आला. रेजायनाला एकटीनं जायला तुम्ही तयार आहात का?

सुरैय्यानं समोर पाहिलं. बाईनं पाण्याची बाटली पुढे सरकवली, तेव्हा सवयीनं सुरैय्याचं तोंड उघडलं, आणि त्यातून इंग्रजी शब्द बाहेर पडला, "नो." मग ती स्वतःच दचकली. "सॉरी. थँक यू. नो."

"पाणी नको?" बाईनं विचारलं.

"पाणी पाहिजे," सुरैय्या आता आपल्या भाषेत बोलली आणि दुभाषा सांगत गेला. "रेजायना नको. आमचं दस्तरख्वान एक आहे. ते कापून मला अर्धं देऊ नका."

बाईनं लिहून घेतलं. मग शांतपणे, कुठलीही धमकी नसलेल्या आवाजात तिनं समजावलं, की आपण हे एकत्र करू, चौघांना एका शहरात पाठवू, पण मग मंगळवारच्या विमानात तुमच्यापैकी कुणीच नसेल. किती थांबावं लागेल, मी सांगू शकत नाही. हिवाळा जाईल. कदाचित जास्तही. दिराच्या कुटुंबाचंही लांबेल. तरीही तुमचं उत्तर हेच आहे का?

सुरैय्यानं मान वळवून ॲडेलिनकडे पाहिलं. ॲडेलिनला होकार द्यावा का नकार, कळेना. तिला कॅनडा माहीत नव्हता, विमानं माहीत नव्हती, त्या पोरीची शाळा किती बुडेल तेही माहीत नव्हतं. ती नुसती बघत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याकडे बघून हसली नाही.

सुरैय्याचंही हसू गेलं. "हो," ती म्हणाली. "उत्तर हेच."

मंगळवारी सकाळी बस आली. सगळी वसाहत खाली उतरली होती. बॅगांना रंगीत फिती बांधलेल्या, म्हातारे नमाज पढून आलेले, तान्ह्यांच्या डोक्यावर अबू धाबीच्या उकाड्यात लोकरीच्या टोप्या, कारण मॅडमजाननं थंडीचं सांगितलं होतं. ॲडेलिन प्रत्येकाला मिठी मारत, पत्ते विचारत, नाक पुसत फिरत होती. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की तिकडं पोचलो की शेजाऱ्यांकडे फोन न करता जाणार, बघू काय करतात.

उझैरचं कुटुंब फुटपाथवर उभं होतं. निरोप द्यायला. यम्नाची मैत्रीण बसच्या खिडकीतून हात हलवत होती. दोघींनी तिकडच्या शाळेत एका बाकावर बसायचं ठरवलं होतं. बस सुरू झाली, वळली, फाटकाबाहेर गेली, आणि यम्नानं सुरैय्याचा हात झिडकारला.

"तुझ्यामुळे!" ती ओरडली. राग आला की पोर हिंदीत ओरडायची. वसाहतीच्या शाळेत सगळी भांडणं हिंदीतच होत. "तुझ्यामुळे आपण राहिलो!"

सुरैय्या पांढरी पडली. हे वाक्य कुणीतरी बोलेल, म्हणूनच तर ती त्या दिवशी हसून हो म्हणाली होती. आताही तिचे हात आपोआप पोटापाशी आले, एकावर एक, आणि चेहऱ्यावर ते हसू चढू लागलं.

अजरानं पोरीला दंडाला धरून आपल्याकडे वळवलं. तीही हिंदीतच बोलली, मोडक्यातोडक्या, म्हणजे फुटपाथवरच्या सगळ्यांना समजावं.

"तिच्यामुळे नाही राहिलो. तिच्याशिवाय जायचं नव्हतं, म्हणून राहिलो."

सुरैय्याच्या हातांची घडी सुटली. ती तिथंच फुटपाथच्या कडेवर मटकन बसली आणि तोंड न झाकता, मोठ्यानं, गावातल्या बाया रडतात तशी रडायला लागली. उझैर तोंड फिरवून जिन्याकडे चालू लागला. यम्ना थोडा वेळ लांब उभी राहिली, मग येऊन तिच्या पाठीवर पडली. ॲडेलिन सुरैय्याच्या शेजारी कडेवर बसली आणि तिला रडू दिलं.